उतारावरचा धूर

"निळाच आहे," बाळकृष्णराव म्हणाले. "पांढरा आहे म्हणून सांगू नकोस सत्याप्पा. डोळे अजून शाबूत आहेत माझे."

सत्याप्पा सायलेन्सरच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. इंजिन चालूच होतं. त्यानं एक पांढरं फडकं धुरात धरलं, नाकाशी नेलं आणि मागे उभ्या असलेल्या बायकोच्या हातात दिलं. रुक्मिणीनं वास घेतला. कढईतलं तेल आचेवर विसरून राहिलं की येतो तसा वास. फडक्यावर काळपट, ओलसर ठिपके उठले होते.

"तेलच जळतंय हे," ती म्हणाली.

"तेल नाही तर काय तूप जळणार? धारवाडपासून इथवर मागच्या लोकांनी शिव्या घातल्या मला. उणकलच्या तळ्यापाशी एकजण मोटरसायकल जवळ घेऊन म्हणतो, अज्जा, डास मारायची गाडी काय ही?"

एरवी सत्याप्पा मोठ्यानं हसला असता. आज हसला नाही. त्यानं हात आत घालून किल्ली फिरवली आणि इंजिन बंद केलं. जुन्या हुबळीतल्या त्या बोळात पिठाच्या गिरणीचा आवाज तेवढा उरला.

गाडी राखाडी रंगाची जुनी फियाट होती, बाळकृष्णरावांच्या वडिलांची. वडील गेल्यावर ती कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. वीज खात्यातून निवृत्त झाल्यावर बाळकृष्णरावांनी ती ओढून सत्याप्पाकडे आणली. इंजिन पूर्ण उघडलं गेलं. सिलिंडर घासून घेतले, पिस्टन नवे, रिंगा नव्या. गेल्या महिन्यात गाडी धारवाडला गेली तेव्हा शिवणयंत्रासारखी वाजत होती. आता ती तेल पीत होती.

"सगळे सांगत होते, बेळगावला ने," बाळकृष्णराव म्हणाले. "मीच म्हटलं, नको. इथं रुक्मक्कांचा हात लागलेला असतो. नोड्री, बघा आता, काय झालं ते."

रुक्मिणीनं फडक्याची घडी केली. पुन्हा उलगडली.

ती अळणावरकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन या गॅरेजच्या मागच्या दोन खोल्यांत आली, तेव्हा तिला वॉल्व्ह म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. सत्याप्पाला सगळं इंजिन येत होतं, पण वॉल्व्ह घासायचा कंटाळा. वॉल्व्हला दांडी चिकटवायची, कडेला पेस्ट लावायची आणि दोन्ही तळव्यांत दांडी धरून ताक घुसळल्यासारखी फिरवत बसायची. वॉल्व्ह आपल्या जागी हवाबंद बसेपर्यंत. एकदा तो जेवायला गेला असताना तिनं त्याचं अर्धवट काम पुरं केलं. तो परत आला, वॉल्व्हवर रॉकेल ओतून बघितलं. एक थेंब गळला नाही. तेव्हापासून ते काम तिचंच झालं. पुढे गाईड बघण्याचं कामही तिच्याकडेच आलं. वॉल्व्ह ज्या नळीत वर-खाली होतो ती नळी म्हणजे गाईड. ती झिजली की तेल खाली उतरतं आणि जळतं. वॉल्व्ह थोडा उचलून बाजूला हलवून बघायचा. झिजलेला गाईड बोटाला बारीक टोचल्यासारखी टकटक देतो. चांगल्या गाईडमध्ये तेलाचा पातळ थर असतो, त्यामुळे हालचाल मऊ लागते. सत्याप्पाच्या राठ बोटांना हा फरक मोठा असल्याशिवाय कळत नसे. तिला कळायचा. दुसऱ्या गॅरेजवाल्यांची हेडं, म्हणजे वॉल्व्ह बसलेले इंजिनाचे वरचे भाग, तिच्याकडे येऊ लागली. "रुक्मक्का मऊ म्हणाल्या ना, मग बसवा," असं त्या बोळात म्हटलं जायचं.

या फियाटचे आठही गाईड तिला मऊ लागले होते. तिनं तसं सांगितलं होतं. बाजारात मिळणारे गाईड हलके असतात, त्यापेक्षा हे मूळचे चांगले, म्हणून सत्याप्पानं तेच ठेवले होते.

पण ही गाडी जाऊन आठवडा झाला असेल, तेव्हा एक गोष्ट झाली होती. वॉल्व्ह घासताना आधी जाड कणांची पेस्ट लावतात, मग बारीक. डब्यांची झाकणं अदलाबदल झाली तरी तिला कधी फरक पडला नव्हता. चिमटीत घेऊन चोळलं की कळायचं. त्या दिवशी तिनं चिमूट चोळली आणि तिला काहीच कळलं नाही. दुसऱ्या डब्यातली चोळली. तीही तशीच. उजेडात नेऊन बघावं लागलं. साखर तिला बरीच वर्षं होती, गोळी चालू होती, आणि तळपायांना मुंग्या येतात हे तिनं डॉक्टरांना सांगितलंही होतं. बोटांचं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्रीपासून ती एकाच गोष्टीचा विचार करत होती. बोटंच बधिर असतील तर त्यांना सगळंच मऊ लागणार.

"प्लग काढतो," सत्याप्पा म्हणाला.

चारही प्लग बाकावर ओळीनं ठेवले. तीन कोरडे, विटकरी. दुसऱ्या सिलिंडरचा तेवढा काळा आणि ओला. मग त्यानं प्लगच्या भोकात दाबमापक लावला आणि बाळकृष्णरावांना स्टार्टर मारायला सांगितलं. काटा उसळून वर गेला आणि थांबला. दुसऱ्यालाही तेवढाच. तिसऱ्याला, चौथ्यालाही.

"बघा," सत्याप्पाचा आवाज जरा मोकळा झाला. "दाब सगळीकडे सारखा. वॉल्व्ह एकदम फिट बसलेत. हिचं घासणं आहे ते."

"मग धूर कुठून येतो? आकाशातून?"

"ते तुम्हीच सांगा की. इथून नेल्यावर गाडी कशी चालवली?"

"कशी म्हणजे? फुलासारखी. चाळीसच्या वर काटा जाऊ दिला नाही. नव्या इंजिनाला जपायचं असतं."

"आणि त्या आधी? घरी नेल्या दिवशी?"

बाळकृष्णराव जरा घुटमळले. "पूजा केली. आमच्या अप्पांची पद्धत होती. इंजिनाचं काम झालं की दारात उभी करून चालू करायची, आणि आरती होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत बंद करायची नाही. मध्ये बंद पडली तर अपशकुन."

"किती वेळ चालू होती?"

"भटजी उशिरा आले."

"म्हणजे किती वेळ?"

"सकाळपासून म्हण की. दुपारी जेवणं झाली त्या आधी बंद केली. अप्पांचा फोटो पुढच्या सीटवर ठेवला होता. मला वाटलं, त्यांना ऐकू दे."

सत्याप्पानं कपाळावर हात मारून घेतला, आणि रुक्मिणीला त्याचा चेहरा उजळलेला दिसला. त्याला वाट सापडली होती. तो बाळकृष्णरावांना समजावून सांगू लागला. नव्या रिंगा सिलिंडरला घासून बसाव्या लागतात. त्यांना जोर लागतो, चढ लागतो, ओझं लागतं. नुसती उभी चालू ठेवली की भिंतीला काचेसारखी झिलई येते, रिंगा वरून घसरत राहतात आणि तेल वर येतं. "तुम्ही लाडानं बिघडवली गाडी," तो म्हणाला. "लेकराला मांडीवरून खाली उतरूच दिलं नाही तर चालणार कसं?"

"मग माझ्या अप्पांच्या पूजेनं झालं म्हणतोस?"

"अजून म्हणत नाही. बघू या. कलघटगीच्या रस्त्याला चढ आहे. चढावर जोर लावल्यावर निळा धूर आला तर रिंगा. मग काही दिवस जरा रगडून चालवायची, बसतील बहुतेक."

"आणि चढावर नाही आला तर?"

"मग उतारावर बघायचं. गिअरमध्ये ठेवून, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढून उतरायचं. तेव्हा इंजिन हवा ओढायला बघतं, हवा मिळत नाही, मग गाईड झिजलेला असला की तिथून तेल ओढतं. खाली येऊन परत पाय दिला की भसकन धूर. पण ते काही होणार नाही. गाईड हिनं बघितलेत."

"अक्कांनी बघितलेत म्हणजे प्रश्न नाही," बाळकृष्णराव म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

रुक्मिणी मागच्या सीटवर बसली. धूर बघायला कुणीतरी पाहिजे होतं, आणि सत्याप्पाला चालवायचं होतं. बाळकृष्णराव पुढे बसले.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना काढणीला आलेली सोयाबीनची रानं सुरू झाली. सत्याप्पानं गिअर उतरवला.

"चढ आला. बघ गं."

ती सीटवर गुडघे टेकून मागच्या काचेकडे तोंड करून बसली. ती अशी बसल्यावर सत्याप्पाच्या आरशात काचेऐवजी तिची पाठच दिसणार होती. बाहेरून आरसे या गाडीला नव्हतेच. जे काही दिसेल ते फक्त तिला दिसणार होतं.

इंजिन जोरात ओढू लागलं. सीटची थरथर तिला गुडघ्यांत कळली. मागचा रस्ता स्वच्छ होता. डांबर, कडेची लाल माती, लांबवर एक ट्रॅक्टर. तिनं डोळे ताणून बघितलं. निळं काहीच नव्हतं. दिसावं असं तिला फार वाटत होतं, इतकं की एकदा उडालेली धूळच तिला निळी भासली. पण ती धूळ होती. खाली बसली.

"काय?" सत्याप्पानं विचारलं.

"थांबा, बघू दे."

चढ संपला. गाडी माथ्यावरून पलीकडे वळली. सत्याप्पानं पाय काढून घेतला, गिअर तसाच ठेवला. इंजिन घुमत, गुरगुरत उतारावर गाडीला धरून ठेवू लागलं. उतार लांब होता. रुक्मिणीनं सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. आपण किती घट्ट धरली आहे हे तिला कळत नव्हतं, कापडाला पडलेल्या चुण्यांवरून तेवढं दिसत होतं.

खाली ओढ्याच्या पुलापाशी रस्ता सपाट झाला. सत्याप्पानं पाय दिला.

निळा लोट एकदम उठला. सगळी काच भरून गेली. मागचा पूल दिसेनासा झाला, मग हळूहळू कठड्यासकट परत दिसू लागला. पुढे रस्ता पुन्हा स्वच्छ.

"बोल," सत्याप्पा म्हणाला. "चढावर होता ना?"



हो म्हणणं सोपं होतं. थोडासा होता, एवढंच म्हणायचं. बाळकृष्णराव आपल्याच पूजेला दोष देत गाडी रगडून चालवतील. तेल घालत राहतील. पुन्हा येतील तेव्हा महिने गेलेले असतील, आणि गाईड तेव्हा झिजले म्हणता येईल. सत्याप्पाला तर तेच ऐकायचं होतं. पण बाकावर अमरगोळच्या एका टेम्पोचं हेड येऊन पडलं होतं. उद्या सत्याप्पा ते तिच्यापुढे सरकवणार आणि विचारणार, कसं आहे? आणि ते मऊच लागणार.

"चढावर काही नव्हतं," ती म्हणाली. "आता आला. पाय दिल्यावर. पूल झाकला एवढा."

"धूळ असेल."

"धूर आहे."

"नीट बघितलंस ना? तसं होणार नाही. गाईड तू..." तो थांबला. "परत करतो."

त्यानं गाडी वळवून परत माथ्यावर नेली आणि परत उतरवली. या वेळी बाळकृष्णरावही खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघत होते. पुलापाशी पाय दिल्यावर निळा लोट त्यांनीही बघितला. वास आतपर्यंत आला होता.

गॅरेजमध्ये आल्यावर इंजिन निवेपर्यंत बाळकृष्णराव समोरच्या हॉटेलात जाऊन बसले. सत्याप्पानं एकट्यानं हेड उतरवलं. रुक्मिणी नट घेऊन रॉकेलच्या ताटलीत टाकत होती. त्यानं दुसऱ्या सिलिंडरच्या पहिल्या वॉल्व्हची स्प्रिंग काढली, वॉल्व्ह थोडा उचलला आणि हलवला.

टक.

गिरणी चालू असूनही आवाज दोघांना ऐकू आला. त्यानं परत हलवला. टक, टक.

"हे मलासुद्धा लागतंय," तो म्हणाला. "माझ्या या बोटांना. तुला लागलं नव्हतं?"

तिनं पुढे होऊन वॉल्व्ह धरला, हलवला. आवाज येत होता. बोटांत काहीच येत नव्हतं, जणू दुसऱ्याच कुणाचा हात तो वॉल्व्ह हलवत होता.

"आत्तासुद्धा लागत नाही," ती म्हणाली.

त्यानं वॉल्व्ह तिच्या हातातून काढून घेतला.

"साखरेनं गेलीत बोटं. हळूहळू गेली असणार. मला वाटायचं, गाईड चांगले आहेत. सगळेच चांगले लागायला लागले होते. मध्यंतरी पेस्ट कळली नाही तेव्हा समजलं."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? दिसायला तशीच आहेत की बोटं."

सत्याप्पानं पाना उचलला, बाकावर ठेवला, परत उचलला. रागवायचं होतं त्याला, ते तिला दिसत होतं, पण नक्की कशावर ते त्याला ठरवता येत नव्हतं. बाळकृष्णराव दारात आलेले दोघांच्या लक्षात आलं तेव्हा ते चपला काढून, उंबऱ्याच्या आत उभे होते.

"काय निघालं?"

सत्याप्पा म्हणाला, "निघालं काय, जुनी गाडी, मूळचेच गाईड होते, आणि तुमचं ते दिवसभर उभं..."

"गाईड झिजलेले होते," रुक्मिणी म्हणाली. "बसवायच्या आधीपासून. मी चांगले म्हणून सांगितले. तुमच्या पूजेचा काही संबंध नाही, रिंगा ठीक बसल्यात. माझ्या बोटांना आता कळत नाही, बाळकृष्णराव. ते मला तेव्हा माहीत नव्हतं."

बाळकृष्णरावांनी तिच्या हातांकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "आमच्या आईला होतं तसं," ते म्हणाले. "बाजारातून यायची ती एकाच पायात चप्पल घालून. दुसरी कुठं राहिली ते तिला सांगता यायचं नाही. आम्ही हसायचो." मग त्यांनी घसा साफ केला. "पण माझी गाडी?"

"होईल की," सत्याप्पा म्हणाला. "लेथवर बिडाचे गाईड करून घेऊ. चांगले करून घेऊ."

"आठही?"

"बघतो. जे चांगले असतील ते मूळचेच ठेवायचे. कारखान्यातला माल आहे, तसा आता मिळत नाही."

बाळकृष्णरावांनी स्टूल ओढून घेतलं आणि बसले. जायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं.

सत्याप्पानं उरलेल्या स्प्रिंगा काढल्या. रुक्मिणीनं फळीवरून खडू घेतला आणि हेडच्या बाजूला उभी राहिली. त्यानं पहिला वॉल्व्ह हलवला, मान तिरकी करून, डोळे मिटून, पुन्हा हलवला.

"चांगला."

तिनं तिथं काही केलं नाही. दुसराही चांगला निघाला. तिसरा मघाशी वाजलेला, त्यावर तिनं न विचारता फुली मारली. चौथा त्यानं बराच वेळ हलवला.

"गेलेला," तो म्हणाला. तिनं फुली मारली.

पुढचे दोन पटकन झाले. सातव्याला मात्र तो अडला. हलवायचा, थांबायचा, बोटं प्यांटला पुसायची, परत हलवायचा. आवाज येत नव्हता. टोचत होतं की नव्हतं, त्याला सांगता येत नव्हतं. त्यानं मान वर केली आणि सवयीनं वॉल्व्हचं टोक तिच्याकडे सरकवलं.

"कसा आहे गं?"

विचारून झाल्यावर त्याच्या ते लक्षात आलं. स्टुलावर बाळकृष्णराव आपल्या गुडघ्यांकडे बघू लागले.

रुक्मिणीनं हात पुढे केला नाही.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "वेळ घ्या. काही घाई नाही."

तो पुन्हा वाकला. गिरणीवाल्यानं पट्टा उतरवला होता, बोळ शांत झाला होता. ती खडू धरून उभी राहिली. खडू बधिर चिमटीतून निसटू नये म्हणून अधूनमधून बोटांकडे बघत, ती सत्याप्पाच्या उत्तराची वाट बघत राहिली.